“झोपू दे त्याले, सकाळी उतरते”

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जिथं वऱ्हाडी आली, तिथं ती तशीच ठेवली आहे.)

आज मागं थोडा आवाज येईल, सांभाळून घ्या. मी घरूनच रेकॉर्ड करतोय, नांदगाव पेठवरून, आणि आमचं घर काही हायवेपासून फार लांब नाही. ट्रक गेला की तुम्हालाही कळेल.

मागच्या आठवड्यात एक व्हॉइस मेसेज आला. फर्स्ट इयरची मुलगी आहे, नाव-गाव सांगत नाही. ती म्हणाली, दादा, रूमवर पार्टी होती, आमची एक मैत्रीण जास्त प्यायली आणि नंतर उठेच ना. आम्ही तिच्या तोंडावर पाणी मारलं, लिंबू चाटवलं, मग तिला पांघरूण घालून झोपवलं. सकाळी ती उठली. पण मला रात्रभर झोप नाही आली. आम्ही बरोबर केलं का?

हा मेसेज मी चार-पाच वेळा ऐकला. कारण ती जे सांगत होती ते मी स्वतः केलेलं आहे. आमच्या बाबतीत सकाळ इतकी सोपी निघाली नाही. ती गोष्ट मी आजवर या पॉडकास्टवर सांगितली नव्हती. ज्याची गोष्ट आहे त्याला मी परवा फोन करून विचारलं. तो म्हणाला, “सांग, फक्त माझं नाव घेऊ नको, गावात लग्नाची बोलणी चालू आहेत.” तर नाव नाही घेणार.

मी तेव्हा अमरावतीत इंजिनिअरिंगला होतो, सेकंड इयर. मी नांदगाव पेठवरून रोज जाणं-येणं करायचो, पण आमच्यातले चार जण रूम करून राहायचे. हा मित्र दर्यापूरकडचा. बापाची कोरडवाहू शेती, कापूस-तूर. पोट्टा हुशार. आमच्या सगळ्यांच्या असाइनमेंट त्याच्याच वहीतून उतरलेल्या. वय 19.

त्या दिवशी शेवटचं प्रॅक्टिकल झालं. सकाळपासून कुणी नीट जेवलं नव्हतं. संध्याकाळी ठरलं, आज बसू. “बसू” म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पैसे जमा झाले, एक सीनियर जाऊन घेऊन आला. दुकानात कुणी त्याला वय विचारलं नाही. परमिट तर लांबच. परमिट नावाची गोष्ट असते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

इथं एक मिनिट थांबतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. महाराष्ट्रात अजूनही 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. म्हणजे कागदोपत्री आपलं राज्य असं आहे की दारू प्यायला परवाना लागतो. म्हणून तर बारच्या पाटीवर “परमिट रूम” लिहिलेलं असतं. आणि वय? बिअर-वाईनसाठी 21, व्हिस्की-रम-व्होडकासाठी 25. आता हिशोब करा. बारावी करून इंजिनिअरिंगला आलेला पोरगा डिग्री घेऊन बाहेर पडतो तेव्हा 22 चा असतो. म्हणजे कॉलेजच्या अख्ख्या चार वर्षांत व्हिस्कीचा एक पेगही कायद्यात बसत नाही. आणि कॉलेजच्या चार वर्षांत काय काय होतं, ते आपण सगळे पाहतो.

मी काही म्हणत नाही की वय कमी करा. माझं म्हणणं वेगळं आहे. सगळंच बेकायदेशीर असलं की सगळंच लपून होतं. लपून म्हणजे रूमवर, नाहीतर हायवेच्या कडेच्या एखाद्या वावरात, मोबाईलच्या टॉर्चमध्ये. तिथं जेवण नसतं, चखण्याला शेव-फुटाणे. तिथं घाई असते, कोणी यायच्या आत संपवायचं असतं. आणि काही झालं तर कुणाला बोलवायची सोय नसते, कारण बोलवलं की सगळे सापडतात. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्याच्यावर परत येतो.

तर रूमवर. आधी स्ट्राँग बिअर झाली, प्रत्येकी एक. मग कुणीतरी पैज लावली. पैज मीच लावली होती, असं दोघं जण अजून म्हणतात. मला तसं आठवत नाही, पण नाही असंही छातीठोक सांगता येत नाही. पैज अशी, की हाफ कोण मारतो, पाणी न टाकता. याच्या आधी त्यानं आयुष्यात दोन-तीनदाच घेतली होती. पण त्या दिवशी पेपर चांगला गेला होता, सगळे त्याच्या नावाचा गजर करत होते. त्यानं हाफ पंधरा-वीस मिनिटांत संपवली. आम्ही व्हिडिओ काढला. टाळ्या वाजवल्या.

आता त्याच्या पोटात त्या वेळी काय गेलं होतं, ते मला फार नंतर समजलं. थोडं गणित करू, बोअर झालं तरी ऐका. 30 मिलीचा छोटा पेग. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे त्या पेगात जवळपास 13 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे 10 ग्रॅम. हे 10 ग्रॅम म्हणजे एक माप धरू. क्वार्टर, आपल्याकडे निप म्हणतात, 180 मिली, म्हणजे सहा मापं. हाफ 375 मिली, म्हणजे साडेबारा मापं. आणि ती “अरे बिअरच तर आहे” वाली 650 ची स्ट्राँग बाटली? 8 टक्क्यांची असेल तर त्यात 41 ग्रॅम. चार पेग. एका बाटलीत चार पेग, आणि आपण तिला सरबतासारखं मोजतो.

म्हणजे आमच्या मित्राच्या पोटात तासा-दीड तासात सोळा-सतरा मापं गेली होती. रिकाम्या पोटी.

दोन तासांत मुलग्यानं साधारण सात किंवा मुलीनं साधारण साडेपाच मापं घेतली, की डॉक्टर लोक त्याला बिंज ड्रिंकिंग म्हणतात. मुलींचा आकडा कमी, कारण वजन सारखं असलं तरी त्यांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त चढते. आपल्याकडे या प्रकाराला शब्दच नाही. आपल्याकडे दोनच शब्द, एक “बेवडा” आणि एक “कधीमधी घेतो”. बेवडा म्हणजे रोज पिणारा, नाल्यात पडणारा, तो आपण नाही. आपण कधीमधी. महिन्यातून एकदा. आणि त्या एकदामध्ये काय होतं, याच्याशी “कधीमधी”चा काही संबंध नाही. माझा मित्र बेवडा नव्हता. तो त्या वर्षात चौथ्यांदा पीत होता.

आपलं लिव्हर तासाला साधारण एक माप साफ करतं, बऱ्याचदा त्याहून कमीच. त्याला घाई करता येत नाही. कॉफी, ताक, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, उलटी काढणं, यातल्या कशानंही लिव्हरचा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवली तर सकाळी सहा-सातलाही ती पूर्ण गेलेली नसते. तुम्ही मात्र तोंड धुऊन बाईकला किक मारता. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या पोरानं भरभर एक क्वार्टर मारली तर तो सहज याच्या चौपट जातो. आणि 300 च्या आसपास पोचला की बेशुद्धी, श्वास मंद, तिथून पुढं काहीही. आमचा मित्र 300 च्या घरात असावा, असा माझा हिशोब सांगतो.

त्या रात्री परत येतो. साडेनऊच्या सुमारास तो बोलता बोलता अडखळला, एक उलटी झाली, आणि गादीवर उताणा पडला. घोरायला लागला, फार मोठ्यानं. आम्ही हसलो. त्या घोरण्याचाही व्हिडिओ काढला. आता मला माहीत आहे की ते घोरणं नव्हतं. जीभ सैल पडून घशात मागं जाते, त्याचा आवाज होता तो.

सीनियर म्हणाला, “झोपू दे त्याले, सकाळी उतरते.”

साडेदहाला त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर “आई”. सगळे गप्प. मी फोन उचलला, कारण त्या माऊलीला मी ओळखत होतो, तिच्या हातची भाकर-ठेचा खाल्लेला होता. काकू म्हणाल्या, “बाप्पू, पेपर कसा गेला त्याचा? जेवला का तो?” मी म्हटलं, “हो काकू, जेवला. दमला होता, झोपला.” काकू म्हणाल्या, “झोपू दे मंग. उठवू नको.”

हे वाक्य मी आज पहिल्यांदा मोठ्यानं बोलतोय.

माझी शेवटची गाडी गेली होती म्हणून मी रूमवरच थांबलो. एवढंच कारण. मी काही त्याच्यासाठी थांबलो नव्हतो. साडेअकरा-पावणेबाराला मी मोबाईल चार्जिंगला लावायला उठलो आणि लक्षात आलं, घोरणं बंद झालंय. मग एक घर्रर्र असा आवाज, पाण्यात बुडबुडे आल्यासारखा. मग काहीच नाही. मग परत एक. मी त्याचा हात धरला, थंडगार. मोबाईलच्या उजेडात ओठ पाहिले, जांभळट. हाक मारली, गालावर मारलं, काही नाही.

आणि मग आम्ही पाच जणांनी काय केलं माहीत आहे? भांडलो. पंधरा-वीस मिनिटं. एक म्हणे, दवाखान्यात नेलं तर पोलिस येतील. दुसऱ्याचे वडील स्वतः पोलिसात, तो म्हणे, माझं नाव यायला नको. तिसरा म्हणे, घरमालक रूम काढून घेईल, कॉलेजात कळलं तर वर्ष जाईल. एक जण रिकाम्या बाटल्या बॅगेत भरत होता. मित्र मरायला टेकलेला आणि हा बाटल्या भरतोय. त्याला दोष देत नाही. मीही काकूंना फोनवर काय सांगितलं होतं, तेच डोक्यात घेऊन उभा होतो.

शेजारच्या खोलीत घरमालकाची म्हातारी आई राहायची. आमच्या आवाजानं ती उठून दारात आली. एका नजरेत तिला कळलं. “याले उताणा काहून ठेवला रे पोट्टेहो?” तिनं स्वतः खाली बसून त्याला कुशीवर वळवला. वळवल्याबरोबर तोंडातून बरंच काही बाहेर आलं. म्हणाली, “गाडी बलवा. आता. माहा मानूस असाच गेला, मी सकाळपर्यंत वाट पायली होती.”

मी 108 लावला.

अॅम्ब्युलन्स यायला वेळ लागला, किती ते सांगता येणार नाही, त्या रात्रीची मिनिटं मला नीट मोजता येत नाहीत. दवाखान्यात नळी टाकली, व्हेंटिलेटर लावला. उलटी फुप्फुसात गेली होती, त्याचा न्यूमोनिया झाला. नऊ दिवस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, अजून तासभर उशीर केला असता तर तुम्ही याला इथं आणलं नसतं. पोलिसांकडे नोंद झाली, एक हवालदार आले, विचारपूस करून गेले. कॉलेजात बोलावणं आलं. कुणाचंही वर्ष गेलं नाही. ज्या गोष्टींना आम्ही घाबरत होतो त्या बहुतेक सगळ्या झाल्या, आणि त्यातली एकही आयुष्यभर पुरेल अशी नव्हती.

तर त्या व्हॉइस मेसेजवाल्या मुलीला उत्तर. बाळा, तुम्ही बरोबर नाही केलं, पण तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हालाही नव्हतं. कॉलेजात व्यसनमुक्तीचं भाषण होतं, शपथ घेतात, फोटो निघतो. पण बेशुद्ध पडलेल्या मित्राचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर प्यायला परवानगी दिल्यासारखं वाटेल, अशी भीती असावी.

मी सांगतो. दारू पिऊन पडलेला माणूस झोपलेला आहे का बेशुद्ध आहे, हे आधी बघायचं. झोपलेला माणूस हलवलं, चिमटा घेतला की कुरकुर करतो, शिवी देतो. शिवी दिली तर आनंद माना. काहीच नाही केलं तर तो झोपलेला नाही. मग छातीकडे बघत घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा. आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांच्या मध्ये दहा सेकंदांची फट पडली, तर 108. आपल्या सावळ्या रंगात चेहरा निळा दिसत नाही, म्हणून नखं आणि ओठांची आतली बाजू टॉर्चमध्ये बघा. अंग थंड, उलट्या होतायत पण शुद्ध नाही, झटका आला, तरी 108. सगळी लक्षणं जुळायची वाट पाहायची नाही. एक पुरे.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर करा, वरचा गुडघा वाकवून पुढं टेकवा, तोंड जरा खाली राहील असं ठेवा. पाठीमागं कॉलेजची बॅग लावा, म्हणजे तो परत उताणा होणार नाही. तोंडात काहीही घालायचं नाही, ना लिंबू, ना ताक, ना पाणी. त्याला गिळता येत नाही, जे घालाल ते फुप्फुसात जाईल. बोटं घालून उलटी काढायची नाही. शॉवरखाली उभं करायचं नाही, अंग आधीच थंड पडलेलं असतं. आणि त्याला एकटं सोडायचं नाही. मुलगी असेल तर तिच्याजवळ तिच्या ओळखीचं माणूसच पाहिजे, “मी सोडतो हिला” म्हणणाऱ्या कुणाच्या हवाली करायचं नाही. किती प्यायली, काय प्यायली, आणखी काही घेतलं का, हे डॉक्टरला खरं सांगायचं. तिथं खोटं बोललात तर उपचार चुकतो.

आणि एक गोष्ट जी मला तेव्हा कुणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. पिणं थांबलं म्हणून चढणं थांबत नाही. पोटातली दारू पुढं तास-दोन तास रक्तात जातच राहते. म्हणजे तो आडवा पडला तेव्हा जेवढा होता, त्याहून तासाभरानं जास्त असतो. “सकाळी उतरते” हे खरं आहे, पण त्याच्या आधी ती आणखी चढते.

आता तुम्ही म्हणाल, पोरं पितात हा काय नवीन विषय. नवीन नाहीच. दोन वर्षांपूर्वी नाही का पुण्याचं ते प्रकरण सगळ्या मोबाईलवर फिरत होतं. 19 मे 2024, पहाटे, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, बारावी झाल्याचं सेलिब्रेशन, दोन ठिकाणी पार्टी, आणि मग पोर्शे. बाईकवरची दोन तरुण इंजिनिअर माणसं गेली, दोघंही मध्य प्रदेशातून कामासाठी आलेली. पोलिसांनी सांगितलं होतं की एका पबमध्ये दीड तासात 48 हजारांचं बिल झालं. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर देशभर संताप झाला. मग रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. बारवाल्यांनाही झाली.

त्या वेळी आमच्या ग्रुपवर सगळे म्हणत होते, श्रीमंतांची पोरं, आपला काय संबंध. मला मात्र एकच दिसत होतं. तिथंही टेबलावर कुणी वय विचारलं नाही, आणि झाल्यावर पहिली धावपळ काय लपवायचं याचीच. आमच्याकडे पोर्शे नव्हती म्हणून काही वेगळे नव्हतो आम्ही. आमच्याकडे बॅगेत बाटल्या भरणारा होता.

जाता जाता कायद्याचं सांगतो. लहान मुलाला, म्हणजे 18 खालच्याला, दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या 77 व्या कलमानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना “घे रे एक घोट” म्हणणारे आमच्यासारखे दादा लोक त्यात येतात. आणि अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या पोराला 25 पर्यंत लायसन नाही. नांदगाव पेठच्या टोलनाक्याजवळ संध्याकाळी उभं राहिलं तर ट्रिपल सीट जाणारी किती पोरं या कलमात बसतात ते मोजता येईल.

कायदा कडक केला की सुटेल का? मला नाही वाटत. आपल्या जिल्ह्यातून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, तिथं कित्येक वर्षं दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला केली, 2021 ला उठवली. बंदीनं बायांना आधार दिला हे खरं, आणि बंदीत दारू मिळायची हेही खरं. यावर वेगळा भाग करू, आज नाही.

मला दुसऱ्याच एका माणसाची आठवण येते. आमच्या मार्कशीटवर ज्यांचं नाव छापलेलं असतं ते, संत गाडगेबाबा. आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे की त्यांच्या वडिलांचं, झिंगराजींचं, आयुष्य दारूनं संपलं? अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव, 1876 चा जन्म. बाप गेला, शेत गेलं, लहानगा देबू आईबरोबर मामाकडे दापुऱ्याला गेला, ढोरं राखली. पुढं त्याच्या मुलीचं बारसं आलं. त्या काळी त्यांच्या जातीत बारशाला मटण आणि दारू द्यावीच लागायची, नाही दिली तर भाऊबंद रुसायचे. देबूनं गोडाचं जेवण घातलं. बाबा लोकांना खराट्यामुळे आठवतात, कीर्तनामुळे आठवतात. मला ते या बारशामुळे आठवतात. कारण भर पंगतीत, सगळे नातेवाईक बघत असताना, “माझ्याकडे हे मिळणार नाही” म्हणायला काय लागतं, हे मला त्या रूमवर कळलं. आम्ही पाच जण होतो आणि “अबे, बस कर, जेव आधी” एवढं म्हणायची एकाचीही टाप नव्हती. तिथं तर भाऊबंदही नव्हते रुसायला.

दर 20 डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी होते, आणि त्यानंतर अकरा दिवसांनी 31 डिसेंबर. आपल्या शहरात दोन्ही जोरात.

या भागाच्या आधी मी सध्या शिकणाऱ्या दोन-तीन पोरांशी बोललो, एमआयडीसीतल्या टेक्सटाईल कंपन्यांत कामाला लागलेल्यांशीही बोललो. एकानं मला फार कामाची गोष्ट सांगितली. त्यांच्या रूमवर नियम आहे, पार्टीच्या दिवशी एक जण पीत नाही, पाळीपाळीनं. त्याला ते “वॉचमन” म्हणतात. गाडीच्या चाव्या त्याच्याकडे, सगळ्यांच्या घरचे नंबर त्याच्याकडे, आणि आधी भात-वरण झाल्याशिवाय बाटली उघडायची नाही. मी म्हटलं, कुणी सुचवलं? म्हणे, एकदा एकाला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. म्हणजे तिथंही शिकवणी तशीच झाली होती. कुणी विचारेल, मग पिऊच नका ना सरळ. बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलंच आहे की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. मी स्वतः त्या रात्रीपासून घेतलेली नाही. पण हा भाग ऐकून आजच्या शनिवारी एक लाख पोरं बाटली खाली ठेवतील, असं मला वाटत नाही. त्यातली काही पोरं मित्राला कुशीवर वळवतील, एवढं वाटतं.

आणि ज्याला स्वतःलाच कळतंय की आपलं “कधीमधी” आता दर आठवड्याचं झालंय, सुरू केली की थांबता येत नाही, त्यानं 14446 वर फोन करावा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. नुसतं मनातलं बोलायचं असेल तर टेली-मानस, 14416. मराठीत बोलता येतं.

मित्राचं शेवटी काय झालं, तेही विचाराल. तो बरा झाला. सहा महिने आवाज बसल्यासारखा होता, नळीमुळे. डिग्री झाली, आता पुण्यात नोकरीला आहे. आम्ही बोलतो. पण काकू माझ्याशी बोलायच्या नाहीत. दवाखान्यात नऊ दिवस त्या माझ्या समोरच्या बाकावर बसल्या होत्या, एक शब्द नाही. मीही काही बोललो नाही. काय बोलणार? नंतर किती वर्षं मी त्यांच्या गावाला गेलो नाही.

मागच्या दिवाळीत गेलो. मित्रानंच नेलं ओढून. काकूंनी चहा दिला, चिवडा दिला, आईची चौकशी केली. मित्र गाडी धुवायला बाहेर गेला तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. पदरानं हात पुसत होत्या. म्हणाल्या, “एक इचारू का तुले? मी साडेदहाले फोन केला होता ना, तवा तो श्वास घेत होता का?”

मी म्हटलं, “घेत होता काकू. आवाज येत होता.”

“मंग मले काहून नाही सांगतलं रे? मी निंगाली असती.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दर्यापूरवरून अमरावतीला यायला रात्री गाडी मिळाली नसती, त्या पोचल्या नसत्या, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ते बोललो नाही. त्यांनी माझ्या हातातला कप घेतला, बघितला, आणि म्हणाल्या, “थंडा झाला. दुसरा आणतो.”